कोणत्या चित्रपटाचं देणं काय

यश चोप्रांच्या ‘वक्त’मध्ये (१९६५) भूकंप अगदी वेळेवर येतो. बलराज साहनींचा लाला केदारनाथ भरभराटीच्या धुंदीत आहे. नशिबाच्या गोष्टी सांगणाऱ्या ज्योतिषाला तो उडवून लावतो. माणूस मोठा होतो तो स्वतःच्या कर्तबगारीवर, असं त्याचं ठाम मत. त्याच रात्री जमीन हादरते, घर कोसळतं आणि कुटुंबाची फाटाफूट होते. बायको आणि तान्हं मूल एकीकडे, दोन मुलं दोन दिशांना, बाप आणखी कुठे. पुढचे दोन-अडीच तास ही माणसं पुन्हा एकत्र कशी येतात, एवढ्यावरच चित्रपट उभा आहे. तो उभाही भक्कम राहतो.

आता हेच दृश्य धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातल्या सास्तूर गावात बसून पाहिलं तर? ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून माणसं नुकतीच आडवी झाली होती. भूकंपाला नाव पडलं शेजारच्या लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीचं, पण ज्या गावांचं अतोनात नुकसान झालं त्यांत सास्तूर होतं. त्या पहाटे दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली. हादरा ६.२ च्या आसपासचा होता. जगात अनेकदा याहून मोठे हादरे बसूनही इतकी माणसं मरत नाहीत. इथे मेली, कारण घरं मातीत रचलेल्या दगडांची होती आणि वर माळवद होतं. लाकडांवर हात-दोन हात मातीचा थर, उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊबदार, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. मरण जमीन दुभंगून आलं नाही. ते भिंतींतून आणि डोक्यावरच्या मातीतून आलं.

मग ‘वक्त’चा भूकंप खोटा म्हणायचा का? सास्तूरच्या माणसाला तो खोटा वाटला तर त्याला कोण चूक म्हणेल! पण परीक्षण लिहायला बसलेल्या माणसाला एवढ्यावर थांबता येत नाही. ‘वक्त’ हा भूकंपाचा चित्रपट नाहीच. तो ताटातूट आणि पुनर्भेटीचा चित्रपट आहे. भूकंपाच्या जागी त्याला महापूर चालला असता, फाळणी चालली असती, जत्रेतली चेंगराचेंगरीही चालली असती. प्रेक्षकाशी त्याने केलेला करार असा: एक घर तुमच्यासमोर मोडून दाखवतो आणि ते पुन्हा जुळेपर्यंत तुम्हाला जागचं हलू देत नाही. तो करार त्याने पाळला. त्याच्याकडून भूगर्भशास्त्राची वसुली करायला जाणं म्हणजे ज्याने उसने घेतलेच नाहीत त्याच्या दारात तगादा लावणं.

या प्रकरणात मला एवढंच सांगायचं आहे, पण ते नीट सांगायचं आहे. चित्रपटाच्या प्रत्येक प्रकाराचं एक देणं असतं. ते कोणाला आणि किती, हे ओळखणं परीक्षकाचं पहिलं काम. ते फेडलं की नाही, हे तपासणं दुसरं. ‘आवडला’ आणि ‘नाही आवडला’ त्यानंतर.

हे प्रकार आपल्या लोकांना कोणी शिकवावे लागले नाहीत. जत्रेत तंबू ठोकून सिनेमा दाखवणाऱ्या टुरिंग टॉकीजच्या काळापासून गावोगावच्या प्रेक्षकांनी स्वतःची वर्गवारी करून ठेवलेली आहे. देवाचा सिनेमा, भुताचा, मारामारीचा, हसायचा, रडारडीचा. पाहून आलेल्याला विचारतात, “कसा हाय?” आणि उत्तर येतं, “बरा हाय, पण लई रडवतो.” हे पाच शब्दांचं परीक्षणच आहे. ऐकणारा त्यावरून ठरवतो की आज बायकोला घेऊन जायचं की मित्रांबरोबर. महाराष्ट्रातल्या या फिरत्या तंबूंवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (२०१६) नावाचा माहितीपट केला आणि कान महोत्सवात त्याची विशेष दखल घेतली गेली. गंजलेली यंत्रं, ट्रकवर लादलेले पडदे, तिकिटासाठी उभी माणसं हे सगळं त्यात आहे. मला तो पाहताना वाटत राहिलं, की या तंबूतल्या प्रेक्षकाला समीक्षकांनी कायम ‘सामान्य’ म्हणून सोडून दिलं. वास्तविक तो प्रकारानुसार मोजमाप करतो. देवाच्या सिनेमाकडून तो मारामारी मागत नाही.

लेखी समीक्षेचं मात्र उलट झालं. मराठी माणसांपुरतं बोलायचं तर सुरुवात दणदणीत होती. पालघरजवळच्या मासवणचे बाबूराव पटेल यांनी १९३५ साली ‘फिल्मइंडिया’ हे इंग्रजी मासिक सुरू केलं. त्यांच्या परीक्षणाची निर्मात्यांना धडकी भरायची. त्यांची लेखणी धारदार होती, वाचायला आजही मजा येते. पण ती सगळी मजा पटेलांच्या स्वभावाची आहे. चित्रपट कसा बांधला आहे, हे त्यातून क्वचित कळतं. पुढे फिल्म सोसायट्या आल्या. मुंबईत १९६८ मध्ये प्रभात चित्र मंडळ सुरू झालं, त्यांचं ‘वास्तव रूपवाणी’ निघालं. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये सतीश बहादूर यांनी रसास्वादाचं शिक्षण रुजवलं. अरुण खोपकरांचं ‘गुरुदत्त: तीन अंकी शोकांतिका’ आलं आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. प्रकाश कुठून पडतो, कॅमेरा किती जवळ जातो, पात्र चौकटीत कुठे उभं आहे, यावरून अर्थ कसा घडतो, हे मराठीत इतक्या बारकाईने त्यात वाचायला मिळालं. हे ऋण मोठं आहे. पण या चळवळीबरोबर एक उतरंडही आली. गंभीर सामाजिक चित्रपट वर, विनोदी आणि भुताचा खाली, देवाचा तर हिशेबातच नाही. ही उतरंड मला मान्य नाही.

देवाच्या सिनेमापासूनच पाहू. प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) दामले-फत्तेलाल यांनी केला आणि १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्यात चमत्कार आहेत. चमत्कार न मानणाऱ्या परीक्षकाने इथे नाक मुरडलं तर त्याने चित्रपट पाहिलाच नाही. संतपटाचं देणं असं, की भक्ती काय असते हे अश्रद्ध माणसालाही दोन तास आतून कळावं. हा चित्रपट ते कशातून फेडतो? विष्णुपंत पागनीसांच्या मुद्रेतून, हे तर खरंच. पण त्याहून जास्त जिजाईतून. गौरी या अभिनेत्रीने उभी केलेली ही बाई नवऱ्याच्या देवावर चिडलेली आहे. घरात दाणा नाही, पोर आजारी आणि नवरा भजनात. एका क्षणी ती पोराला ओढत, हातात वहाण घेऊन थेट देवळात जाते, विठोबाला जाब विचारायला. त्या वहाणेत जितकी श्रद्धा आहे तितकी शंभर आरत्यांत नसते, कारण देव समोर खरोखर आहे असं मानल्याशिवाय कोणी त्याच्यावर वहाण उगारत नाही. परीक्षकाने हे दृश्य पकडायचं. तुकोबांचं विमान वैकुंठाला कसं गेलं याच्या तांत्रिक करामतीवर परिच्छेद लिहिला नाही तरी चालेल.

विनोदी चित्रपटावर आपण सगळ्यात जास्त अन्याय करतो, कारण तो पाहताना इतकं हसू येतं की त्यामागे काही रचना असेल असं वाटतच नाही. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) सगळ्यांना तोंडपाठ आहे. मधुमेहाच्या औषधाची इस्तंबूलची थाप, लीलाबाई काळभोरांचा वाडा, सुधा आणि पार्वती. तरी पाठ असलेला चित्रपट एकदा आवाज बंद करून पाहा. मग दिसतं की सुरुवातीला गरज आहे ती साधी आणि खरी: डोक्यावर छप्पर. घरमालकिणीला बिऱ्हाड जोडप्यांचंच हवं आहे, म्हणून दोघांना साड्या नेसाव्या लागतात. पहिलं खोटं निभवायला दुसरं, दुसऱ्याला तिसरं. एकही थाप वाऱ्यावर सोडलेली नाही, प्रत्येकीचा हिशेब पुढे चुकता होतो. ही कारणांची साखळी जिथे तुटते तिथे प्रहसन मरतं आणि नट उगाच ओरडायला लागतात. तेव्हा विनोदी चित्रपटाचं परीक्षण लिहिताना तीन गोष्टी बघायच्या. साखळी सलग आहे का. विनोदाची वेळ कोण साधतं आणि कोण चुकवतं; अशोक सराफ नुसते थांबतात आणि चित्रपटगृह कोसळतं, ते थांबणं किती क्षणांचं आहे हे बघायचं. आणि तिसरं, हसं कोणाचं होतंय. अडचणीतल्या चतुर माणसाचं होत असेल तर प्रेक्षक त्याच्या बाजूने हसतो. केवळ काळं, जाडं किंवा बोबडं असल्याबद्दल कोणाचं होत असेल तर ते हसू चित्रपटाने कमावलेलं नाही, प्रेक्षकांमधल्या जुन्या क्रूरपणातून उपसलेलं आहे. मराठी विनोदी चित्रपटांची फार मोठी रांग या तिसऱ्या कसोटीवर नापास होते, हे लिहायला परीक्षकांनी कचरू नये.

भुताच्या चित्रपटाचं देणं नियमांचं. भूत काय करू शकतं आणि काय नाही हे एकदा सांगितलं की दिग्दर्शकाने ते मोडायचं नाही. राही अनिल बर्वेंचा ‘तुंबाड’ (२०१८) हिंदीत आला, पण मनाने तो मराठीच आहे. त्यातला हस्तर भुकेला आहे, त्याला पिठाची बाहुली दाखवून भुलवायचं आणि तेवढ्या वेळात सोन्याच्या मोहरा पळवायच्या. बाहुली एक, हस्तर एक. शेवटी बाप-लेकाला हाव सुटते: एकाच्या जागी खूप बाहुल्या नेल्या तर? चित्रपट आपलाच नियम पुढे चालवतो. जितक्या बाहुल्या, तितके हस्तर. भीती अचानक वाजलेल्या ढोलाची नाही, आपणच केलेल्या हिशेबाची आहे. २०२४ मध्ये हा चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. पहिल्या खेपेला आपण तो कुठल्या खान्यात टाकायचा या गोंधळात होतो, असं मला वाटतं.

न्यायालयाचा चित्रपट घ्या. १९९३ चा ‘दामिनी’ आणि २०१४ चा ‘कोर्ट’. पहिल्यात सनी देओलचा वकील तारखांवर तारखा देणाऱ्या व्यवस्थेवर गरजतो आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात. चैतन्य ताम्हाणेंच्या ‘कोर्ट’मध्ये कोणीच गरजत नाही. लोकशाहीर नारायण कांबळेंवर आरोप असा, की त्यांचं गाणं ऐकून एका सफाई कामगाराने गटारात उतरून जीव दिला. मग खरोखरच तारीख पडते. पुन्हा पडते. कॅमेरा लांब, हलत नाही, कोर्टाच्या खोलीत पंखा फिरत राहतो, कारकून कागद हलवतात. बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून एका बाईचं प्रकरण त्या दिवशी ऐकलंच जात नाही. दोन्ही चित्रपट तारखांविषयीच बोलतात. ‘दामिनी’ आपल्या मनात साठलेला राग बाहेर काढतो, भावनाट्याचं ते रास्त काम आहे. ‘कोर्ट’ तो राग बाहेर पडू देत नाही, घरी घेऊन जायला लावतो. ज्याने ‘कोर्ट’बद्दल ‘संथ’ एवढाच शब्द लिहिला त्याने निम्मं काम केलं. संथ आहेच. कशासाठी आहे, हे लिहायचं राहिलं. आणि ज्याने ‘दामिनी’ला ‘भडक’ म्हणून झटकलं त्याचंही निम्मंच झालं. ज्याच्या घरातलं जमिनीचं प्रकरण वर्षानुवर्षं लटकलेलं आहे, त्याला ती गर्जना भडक वाटत नाही.

दोघांनाही तीन-तीन तारे देऊन मोकळं होण्याची पद्धत म्हणूनच कुचकामी आहे. ताऱ्यांमुळे एवढंच कळतं, की परीक्षकाला घाई होती.

आता ‘सैराट’. नागराज मंजुळेंचा हा चित्रपट २९ एप्रिल २०१६ ला लागला आणि थिएटरमध्ये माणसं खुर्च्या सोडून नाचली. याचा पहिला भाग प्रेमपटाचे सगळे हप्ते वेळेवर भरतो: विहीर, उसाचे फड, मंद गतीने धावणारा परशा, अजय-अतुलचा पाश्चात्त्य वाद्यवृंद. मग परशा आणि नायिका पळून हैदराबादला जातात आणि चित्रपटाची चालच बदलते. गाणी थांबतात. झोपडपट्टी, परकी भाषा, संशय, भांडण, एक थप्पड. अनेकांनी तेव्हा लिहिलं आणि त्याहून जास्त लोक बोलले, की उत्तरार्ध रेंगाळतो. प्रेमपटाच्या फूटपट्टीने तो रेंगाळतोच. पण मंजुळेंनी पहिल्या अर्ध्या भागात प्रेमपटाशी करार केला तो उत्तरार्धात जाणूनबुजून मोडण्यासाठी. ज्या गाण्यांवर आपण नाचलो तीच गाणी आपल्याला बेसावध करत होती. शेवटी नायिकेच्या माहेरची माणसं भेटी घेऊन येतात, चहा ठेवला जातो, आणि नंतर लहान मूल रक्तात पावलं उमटवत घराबाहेर येतं तेव्हा पार्श्वसंगीत नाही. आवाजच नाही. सुरुवातीला इतका आवाज होता म्हणून ही शांतता इतकी मोठी आहे. म्हणजे एखादा चित्रपट आपल्या प्रकाराचा करार मोडतो तेव्हा परीक्षकाने दोन गोष्टी तपासायच्या: मोडायच्या आधी तो पुरता पाळला होता का, आणि मोडून काय मिळालं.

इथे सास्तूरच्या बाजूचा प्रेक्षक पुण्या-मुंबईच्या परीक्षकाला काही शिकवू शकतो. सोलापूरहून नळदुर्ग, उमरगा करत हैदराबादला जाणारा महामार्ग या भागातून जातो. १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख हैदराबाद संस्थानातच होता. जिल्ह्याचं आधीचं उस्मानाबाद हे नाव तिथल्याच निजामावरून पडलेलं. इथून कामाला, दवाखान्याला, व्यापाराला हैदराबादला जाणं नवं नाही. मुंबईच्या परीक्षकासाठी ‘सैराट’मधलं हैदराबाद म्हणजे ‘परकं महानगर’. इथल्या माणसासाठी ते ओळखीचं शहर आहे, जिथे आपल्या गावची माणसंही असतात. म्हणून त्याला एक वेगळी धास्ती कळते: पळून जायचं तर ते शहर पुरेसं लांब नाही. हे परीक्षण पुण्यात बसून लिहिता येत नाही, ते या महामार्गाच्या कडेलाच सुचतं. असंच जब्बार पटेलांच्या ‘सामना’चं. निळू फुलेंचा हिंदुराव धोंडे पाटील म्हणजे सहकाराच्या साखरेवर पोसलेला राजा. ढोकीच्या तेरणा कारखान्याचं राजकारण पाहत मोठ्या झालेल्या जिल्ह्याला त्याची चालण्याची ढबसुद्धा ओळखीची वाटते. राजकीय चित्रपटाचं देणं हेच: सत्ता भाषणात कशी दिसते यापेक्षा ती जेवणाच्या ताटावर, जीपच्या दारात, नोकराला मारलेल्या हाकेत कशी दिसते, ते दाखवणं.

आणि आता परत आपत्तीपटाकडे, कारण सास्तूरमध्ये हा प्रकार बाकी सगळ्यांहून वेगळा तोलला जाणार.

हॉलिवूडच्या ‘सॅन अँड्रियास’मध्ये (२०१५) कॅलिफोर्निया कोसळतं. ड्वेन जॉन्सन बचाव पथकाचा वैमानिक आहे आणि तो हेलिकॉप्टर घेऊन निघतो तो आपल्या बायको-मुलीला वाचवायला. खाली लाखो माणसं मरत आहेत. त्यांतल्या एकाचंही नाव आपल्याला कळत नाही. इमारती पडण्याचं दृश्य डोळे दिपवणारं आहे, त्यामागची संगणकातली मेहनत खरी आहे, आणि तरी तो चित्रपट मला नादार वाटतो. थरारपटाचं देणं त्याने फेडलं, आपत्तीपटाचं नाही. आपत्तीपट मेलेल्यांचा देणेकरी असतो. ज्यांचा चेहरा दाखवायला त्याला वेळ नाही, त्यांच्याच मरणावर त्याने तिकीट लावलेलं आहे.

अभिषेक कपूरच्या ‘काय पो छे’मध्ये (२०१३) २६ जानेवारी २००१ चा गुजरातचा भूकंप येतो आणि तीन मित्रांचं नव्या मॉलमधलं स्वप्न धुळीला मिळतं. इथे भूकंप कथेला वळण देण्यापुरता आहे, तरी त्यात एक प्रामाणिकपणा आहे. नुकसान नेमकं दिसतं: कोणाचे पैसे, किती कर्ज, कोण कोणावर चिडलं. भूकंपानंतर माणसं रडतात तितकीच हिशेबही करतात, हे ज्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये वर्षं काढली त्यांना माहीत आहे.

चीनच्या फेंग शियाओगांग यांचा ‘आफ्टरशॉक’ (२०१०) तर सास्तूरकरांनी पाहावाच असा आहे. २८ जुलै १९७६ ला पहाटे ३ वाजून ४२ मिनिटांनी तांगशान शहर झोपेत गाडलं गेलं. घड्याळातली ती वेळ आपल्या वेळेच्या किती जवळ आहे! चित्रपटात एका काँक्रीटच्या तुळईखाली जुळी भावंडं अडकली आहेत. तुळई एका बाजूने उचलली तर दुसऱ्या बाजूचं मूल चिरडणार. आईला विचारलं जातं, कोणाला वाचवू? ती खूप वेळ दोघांना म्हणते आणि मग कसंबसं मुलाचं नाव घेते. खाली मुलगी ते ऐकते. आणि मुलगी जगते. पडझड चित्रपटाच्या सुरुवातीच्या काही मिनिटांत संपते, उरलेला जवळजवळ सगळा वेळ त्या एका शब्दानंतरच्या बत्तीस वर्षांचा आहे. आई त्याच शहरात राहते, चांगलं घर घेऊ देत नाही स्वतःला. मुलगी दुसऱ्यांच्या घरात वाढते, बोलत नाही. शेवट जरा जास्तच गोड केलाय, २००८ च्या सिचुआनच्या भूकंपात भावंडांची भेट घडवून आणली आहे, आणि तिथे चित्रपट ‘वक्त’च्या अंगणात शिरतो. तरी वेळेची वाटणी बघा. हादऱ्याला मिनिटं, त्यानंतरच्या आयुष्याला तास. आपत्तीपटाचं परीक्षण करताना घड्याळ लावून बसावं असं मला वाटतं ते यासाठी.

अब्बास किआरोस्तामी यांनी आणखी पुढची गोष्ट केली. १९८७ मध्ये उत्तर इराणच्या कोकेर गावात त्यांनी लहान मुलांना घेऊन ‘व्हेअर इज द फ्रेंड्स हाऊस?’ केला होता. २१ जून १९९० ला त्या भागात भीषण भूकंप झाला. ‘अँड लाइफ गोज ऑन’मध्ये (१९९२) एक दिग्दर्शक आपल्या लहान मुलाला घेऊन जुन्या मोटारीतून त्या मुलांना शोधायला निघतो. हादरा चित्रपटात नाहीच. रस्ते बंद, वाटेत पडक्या भिंती, माणसं सतरंज्या, भांडी, शेगड्या उपसून काढताहेत. एक तरुण सांगतो, भूकंपाच्या दुसऱ्याच दिवशी त्याने लग्न केलं. एक माणूस तंबूंच्या वस्तीत टीव्हीचा अँटेना उभा करतोय, कारण विश्वचषकाचा सामना आहे. त्याच्या घरातली माणसं गेली आहेत. परक्या पाहुण्याला हे विचित्र वाटेल. सास्तूरच्या माणसाला वाटणार नाही. भूकंपानंतर लगेचच ज्वारी पेरायची वेळ आली होती आणि रब्बी कोणासाठी थांबत नाही, हे मराठवाड्याला कोणी सांगावं लागत नाही. किआरोस्तामींनी ढिगाऱ्यावर कॅमेरा ठेवला, पण रडणाऱ्या चेहऱ्याच्या अगदी जवळ नेला नाही. मला तो अदबीचा भाग वाटतो. कोणी त्याला कोरडेपणा म्हणेल. या दोन मतांत जो वाद होईल, तो खरा परीक्षणाचा वाद.

उद्या कोणी ३० सप्टेंबरवर मोठा मराठी चित्रपट काढला, तर त्याचं पहिलं परीक्षण लोहारा-उमरग्याच्या एखाद्या पोराने किंवा पोरीने लिहावं असं मला मनापासून वाटतं. निर्मात्याला मोह कोणते होतील ते आताच दिसतात. विसर्जनाची मिरवणूक, गुलाल, लेझीम, गर्दीत एकमेकांकडे बघणारी दोन तरुण माणसं, आणि मग काळोख. हे वाईटच होईल असं नाही. मिरवणूक त्या रात्री खरोखर होती. पण लिहिणाऱ्याने वही घेऊन बसावं. माळवदाचं घर सेटवर बांधताना भिंतीतली माती दाखवली की नुसते रेखीव दगड रचले? पात्रं बोलतात ती मराठी पुण्याची आहे की इथली, जिच्यात कन्नड आणि दखनी उर्दू सहज मिसळते? धूळ दिसते का, कारण त्या पहाटे आधी आवाज होता आणि मग काळोखात धूळ. मंत्री आणि लष्कराच्या गाड्या आल्यावर कॅमेरा त्यांच्यामागे गेला की शेडमध्ये चूल मांडणाऱ्या बाईपाशी थांबला? जागतिक बँकेच्या साहाय्याने नवी गावं वसली, सरळ रेषेत घरं, रुंद रस्ते. जुन्या गावात भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजारणी तिथे किती लांब गेल्या, हे एखाद्या दृश्यात आलं का? अनाथ झालेल्या सुमारे १,२०० मुलांना भारतीय जैन संघटनेने शिक्षणासाठी पुण्याला नेलं, वाघोलीला त्यांची शाळा आणि वसतिगृह झालं. चित्रपट त्यांच्याबरोबर तिथपर्यंत जातो का? त्यांतलं कोणी दिवाळीच्या सुट्टीत एसटीने गावी परत आलेलं दाखवलंय का, आणि आलं असेल तर ते कोणाच्या घरी उतरलं?